कावळा, फांदी आणि फियाट

मे महिन्याच्या दुपारी खोपोली सोडून बोरघाट चढणारी जुनी फियाट बंद पडायची, तेव्हा बहुतेक वेळा तिच्यात काहीही मोडलेलं नसायचं. हे ज्याला पटलं त्याला जुन्या गाड्यांचं अर्धं शास्त्र कळलं. उरलेलं अर्धं शास्त्र गाडीभोवती जमलेल्या माणसांचं आहे आणि ते जास्त अवघड आहे.

झालेलं असायचं ते एवढंच. या गाडीचा पेट्रोल पंप विजेवरचा नव्हे. तो इंजिनाला चिकटून बसलेला, कॅमशाफ्टच्या धक्क्यावर आतला पडदा खालीवर करत मागच्या टाकीतलं पेट्रोल ओढणारा. इंजिन १०८९ सीसीचं. आत सहा मोठी माणसं आणि माणसांत न धरलेली दोन मुलं, टपावर कॅरियर, कॅरियरवर वळकट्या आणि परतीच्या वाटेवर असाल तर आंब्याच्या पेट्या. दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत चढताना इंजिन तापतं, पंप तापतो, नळी तापते आणि नळीतल्या पेट्रोलची वाफ होते. पंपाला पेट्रोल ओढता येतं. वाफ नुसती दबते आणि फुगते, पुढे सरकत नाही. कार्बोरेटर कोरडा पडतो. गाडी दोनतीन आचके देऊन नेमकी वळणावर उभी राहते. हे व्हेपर लॉक.

या आजाराचा खरा उपाय म्हणजे काहीही न करणं. बॉनेट उघडा, सावलीत बसा. अर्ध्यापाऊण तासात पंप निवतो, वाफेचं पुन्हा पेट्रोल होतं आणि गाडी काहीच झालं नव्हतं अशी सुरू होते. पण बंद पडलेल्या गाडीशेजारी अर्धा तास नुसतं बसणं मराठी कुटुंबाच्या रक्तात नाही. कोणीतरी काहीतरी करणारच. आणि गाडी जेव्हा आपल्या वेळेने सुरू होते, तेव्हा ज्याचा हात तिच्यावर असेल तो उरलेल्या आयुष्यासाठी मोटारतज्ज्ञ ठरतो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते. इथे तर फांदी मोडण्याची वेळ ठरलेली आणि कावळ्यांची रांग लागलेली.

त्यामुळे व्हेपर लॉकवर गाण्यासारखी घराणी तयार झाली. पहिलं ओल्या फडक्याचं. पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि त्यावर थोडंथोडं पाणी घालत राहायचं. हे शास्त्राला धरून आहे. पाणी उडताना उष्णता घेऊन जातं. वाद फक्त फडकं कुठलं, एवढाच. प्रवासाला निघालेल्या घरात ओलं करायला चालेल असं एकही फडकं नसतं. शेवटी दशम्यांच्या डब्याभोवतीचं सुती फडकं बळी जातं आणि पुढे लोणावळ्यापर्यंत गाडीला लसणाच्या चटणीचा वास येत राहतो.

दुसरं घराणं टाकीच्या झाकणाचं. ही मंडळी बॉनेटकडे ढुंकून बघत नाहीत. थेट मागे जातात, पेट्रोलच्या टाकीचं झाकण फिरवतात, ‘फुस्स’ असा आवाज होतो आणि ते वळून सगळ्यांकडे पाहतात. यातही तथ्य आहे. टाकीला हवा मिळण्याचं भोक बुजलं, तर संपलेल्या पेट्रोलच्या जागी हवा शिरत नाही, टाकीत पोकळी होते आणि पेट्रोल पुढे यायला राजी नसतं. तसं असेल तर तो आवाज हवा आत जाण्याचा असतो. उन्हात तापलेल्या टाकीतल्या वाफा बाहेर पडल्या तरी फुस्सच होतं. फुस्स नेमकं कुठल्या दिशेने झालं, हे आजवर कोणीही तपासलेलं नाही.

तिसरं घराणं शिंगरोबाचं. जुन्या रस्त्यावर घाटातच शिंगरोबाचं देऊळ आहे. इंग्रजांना घाटातली वाट दाखवणारा धनगर तो हाच, अशी आख्यायिका. जाणारायेणारा ड्रायव्हर तिथे नाणं टाकतो. गाडी देवळाच्या पुढे बंद पडली की मागच्या सीटवरच्या आजी शांतपणे विचारतात, “नाणं टाकलं होतंत का रे?” नसतं टाकलं कोणी. मग एका नातवाला नाणं देऊन उलट पिटाळायचं. तो देवळापर्यंत जाऊन, कठड्यावर माकडं बघून, परत येईपर्यंत अर्धा तास होतो. गाडी सुरू होते. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या मामाने तोवर पंप खोलून पुन्हा बसवलेला असतो. त्याचं श्रेय आजी त्याला मरेपर्यंत देत नाहीत.

गंमत अशी की वाफ होण्याची मोठी भीती गाडी चालताना नसून थांबल्यावर असते. इंजिन बंद केलं की पंखा थांबतो, पाणी फिरायचं थांबतं आणि लोखंडातली सगळी उष्णता बॉनेटखाली कोंडते. म्हणजे ‘गाडीला जरा विश्रांती देऊ’ म्हणून वडापावला थांबणारे सज्जन बॉनेट न उघडता थांबले, तर तेच वाफ करतात. न थांबता दामटणारा मात्र पुष्कळदा खंडाळ्याला पोहोचलेला असतो. जुन्या गाडीच्या जगात न्याय नाही.

आता थोडं निदानाबद्दल. पेट्रोलवरचं जुनं इंजिन दोनच गोष्टी मागतं: वेळेवर ठिणगी आणि पुरेसं पेट्रोल. हवाही लागते, पण ती फुकट असल्याने तिची चौकशी कोणी करत नाही. म्हणून खरा मेकॅनिक बंद गाडीजवळ आल्यावर दोनच प्रश्न विचारतो: “करंट येतोय?” आणि “पेट्रोल येतंय?” एका प्लगची टोपी काढायची, प्लग बाहेर काढून पुन्हा टोपीत बसवायचा, त्याचं धातूचं अंग इंजिनाच्या लोखंडाला टेकवायचं आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगायचं. कडक निळी ठिणगी पडली तर करंट ठीक. पिवळट, मरतुकडी पडली तर कॉइल, कंडेन्सर किंवा सीबी पॉइंट. ठिणगी ठीक असेल तर पंपाकडून कार्बोरेटरला येणारी नळी काढून पेट्रोल उडतंय का बघायचं. (हे दोन प्रयोग एकाच वेळी करू नयेत.) पाच मिनिटांचं काम. तापल्यावर दगा देणारी कॉइल आणि व्हेपर लॉक यांची लक्षणं हुबेहूब सारखी असतात: गरम झाली की बंद, निवली की सुरू. फरक फक्त या ठिणगीने कळतो. ज्यांनी तो बघितला नाही त्यांनी उन्हाळाभर पंप बदलले आणि गाडी तरी बंदच पडत राहिली. रोग रेड्याला, औषध पखालीला.

पण पाच मिनिटांत निदान होऊ देतो तो मालक कसला? त्याला इतिहास सांगायचा असतो. “परवा साताऱ्याला गेलो होतो तेव्हा झकास चालली. येताना भाचा चालवत होता.” इथे एक सूचक विराम. “काल सकाळी एकदा अशी घुरघुरली. मग मी चोक दिला.” मेकॅनिक ऐकत नसतो. त्याला मालकाच्या भाच्यात रस नसतो. त्याचा एकच ऐतिहासिक प्रश्न असतो आणि तो तो बॉनेटमध्ये डोकं घातल्याघातल्या विचारतो: “हे काम कोणी केलंय?” कुठलं काम, ते अजून ठरलेलं नसतं. पण आधीच्याने ते चुकीचं केलंय हे ठरलेलं असतं. महाराष्ट्रातल्या प्रत्येक जुन्या गाडीवर आजवर फक्त चुकीच्याच माणसांनी काम केलं आहे आणि तरीही ती या मेकॅनिकपर्यंत चालत आली आहे, या विसंगतीकडे कोणी लक्ष वेधत नाही.

सीबी पॉइंट ही तर स्वतंत्र कला. डिस्ट्रिब्युटरच्या पोटात दोन छोटे धातूचे ठिपके असतात. ते उघडले की ठिणगी पडते. ते जळून खडबडीत होतात, मग पॉलिश पेपरने घासायचे आणि मधली फट पुन्हा लावायची. फट जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. पुस्तकात त्यासाठी फीलर गेज नावाचं हत्यार सांगितलेलं आहे. गॅरेजात ते असतंही, पण ते मोठ्या उस्तादांच्या कुलूपबंद पेटीत असतं आणि उस्ताद नमाजाला किंवा जेवायला गेलेले असतात. मग सिगारेटच्या पाकिटाचा पुठ्ठा, ब्लेडचं पातं, लग्नपत्रिकेचा कोपरा यांवर फट बसते. पत्रिका जाड कागदाची असेल तर गाडी पुण्यापासून मुंबईपर्यंत थोडी खोकत जाते.

पेट्रोलच्या बाजूला एकच रोग आणि त्याचं एकच नाव: “कचरा आला.” कार्बोरेटरच्या जेटचं भोक सुईच्या अग्राएवढं, टाकीतल्या गंजाचा एक कण त्याला पुरतो. जेट काढायचा, तोंडाने फुंकायचा, उजेडाकडे धरून एका डोळ्याने बघायचा, पुन्हा लावायचा. तार खुपसायची नाही, कारण पितळेचं भोक मोठं होतं आणि मग गाडी पेट्रोल प्यायला लागते. हे प्रत्येकाला माहीत आहे आणि प्रत्येकजण तार खुपसतो.

हे सगळं चालू असताना प्रेक्षक जमलेले असतात. बंद पडलेल्या गाडीचं बॉनेट उघडणं ही आपल्याकडे जाहीर सभेची घोषणा आहे. पहिला येतो तो अँबेसिडरवाला. “अँबेसिडरला असं होत नाही,” हे एकच वाक्य बोलून तो शेवटपर्यंत उभा राहतो. त्याची गाडी कुठे आहे, असं विचारू नये. ती गॅरेजमध्ये असते. मग एक निवृत्त गृहस्थ येतात. त्यांनी रेल्वेत किंवा पाटबंधारे खात्यात नोकरी केलेली असते आणि ते ‘कॉम्प्रेशन’ या विषयावर बोलतात. एक स्कूटरवाला थांबतो. त्याची स्कूटर वर्षानुवर्षं रोज सकाळी आडवी केल्यावरच सुरू होत आली आहे. तो बराच वेळ फियाटकडे बघतो आणि अतिशय संकोचाने विचारतो, “थोडी आडवी करता येईल का?” हसू नये. आपल्याला जे औषध लागू पडलं ते दुसऱ्याला सुचवणारा तोच एकटा नाही.

पाण्याचे विकार निराळे. रेडिएटर उकळला की पहिल्यांदा झाकण उघडावंसं वाटतं आणि तेच करायचं नसतं. बंद झाकणाखाली पाणी दाबात असतं, म्हणून ते शंभर अंशांच्या वर जाऊनही पाणीच राहतं. झाकण फिरवलं की दाब जातो, तेच पाणी एका क्षणात उसळतं आणि उघडणाऱ्याच्या शर्टाची बाही हा प्रवासाचा मुख्य विषय होऊन बसतो. रेडिएटर गळत असेल तर त्यात हळद टाकतात. खरंच टाकतात. हळदीचे कण गळतीच्या बारीक चिरेत जाऊन फुगतात आणि तात्पुरती चीर बुजते. सर्दी, खोकला, खरचटणं आणि रेडिएटर या सगळ्यांना एकच औषध देणारी दुसरी संस्कृती मला माहीत नाही. पेट्रोलची टाकी गळत असेल तर चिरेवर अंगाचा साबण घासतात. साबण पाण्यात विरघळतो, पेट्रोलमध्ये विरघळत नाही, म्हणून गावापर्यंत पोहोचण्यापुरतं भागतं. शिधा आणि स्नानाचं सामान घेऊन निघालेलं कुटुंब अशा वेळी पाना-पक्कड घेऊन निघालेल्यापेक्षा जास्त सज्ज असतं.

आपल्या गॅरेजांना ज्या एका भागाबद्दल कायमचा संशय आहे तो म्हणजे थर्मोस्टॅट. इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवून धरणं, एवढं त्याचं काम. गाडी एकदा उकळली की मेकॅनिक पहिल्यांदा तोच काढून फेकतो. “साब, ये ठंडे मुलुक के लिये होता है.” मग इंजिन आयुष्यभर कोमटच चालतं, पेट्रोल जास्त खातं, पण उकळत नाही. जिकडे बिघाड होऊ शकतो तो भागच काढून टाकायचा, हा विचार एकदा मनात रुजला की कुठे थांबायचं, ते कळत नाही. असा मेकॅनिक फार मन लावून काम करू लागला तर शेवटी नुसतं बॉनेट उरेल.

मुंबईच्या पावसात हिंदमाताच्या चौकात बंद पडलेल्या काळ्यापिवळ्या टॅक्सीचा प्रश्न मात्र सरळ असायचा. पंख्याने उडवलेलं पाणी डिस्ट्रिब्युटरवर पडलं की करंट वाट सोडून ओल्या झाकणावरून भटकतो. झाकण काढा, कोरड्या फडक्याने पुसा, लावा. जाणते टॅक्सीवाले पाण्यात शिरण्याआधी फॅनबेल्टच काढून ठेवायचे, म्हणजे पंखा फिरणार नाही आणि पाणी उडणार नाही. इतका साधा, नेमका विचार घाटातल्या गर्दीत कधी ऐकू आला नाही, कारण टॅक्सीवाल्याला मीटरचं भान असतं. प्रेक्षकांना नसतं.

सगळ्यात कठीण निदान आवाजाचं. गाडी सुरू आहे, पोहोचवते आहे, पण आवाज करते आहे. मालक गॅरेजमध्ये जाऊन तो आवाज काढून दाखवतो. बँकेत मॅनेजर असलेला प्रतिष्ठित माणूस भर रस्त्यात उभा राहून “कुईं, कुईं, टक, कुईं” असं करतो आणि गॅरेजचा पोरगा गंभीरपणे विचारतो, “वळताना की सरळ?” खड्ड्यात खडखड झाली तर पुढची किंगपिन झिजलेली, वेळेवर ग्रीस न दिलेल्या फियाटचं हे जुनं दुखणं. इंजिन गार असताना टकटक म्हणजे टॅपेट. वेग वाढला की घुमणारी घरघर म्हणजे चाकाचं बेअरिंग. पण गॅरेजमध्ये आणल्याक्षणी आवाज बंद होतो. उस्ताद चालवून बघतात, काही नाही. मालक चालवतो, काही नाही. बायकोला शेजारी बसवलं की आवाज येतो, कारण ती तो पहिल्यापासून ऐकते आहे आणि तिच्या मते तो लग्नाच्या वेळेपासून आहे. पुष्कळ शोधानंतर कळतं की तो डिकीतल्या स्टेपनीखाली पडलेल्या स्टीलच्या डब्याच्या झाकणाचा आहे. झाकण माहेरचं असल्याने त्याच्याबद्दल पुढे बोललं जात नाही.

धक्का देण्याबद्दल इतकंच की धक्का दुसऱ्या गिअरला द्यावा. पहिल्यात चाकं अडतात आणि ढकलणारे डिकीवर आपटतात. डायनामोच्या जुन्या गाड्या बॅटरी पार मेलेली असतानाही चांगल्या उतारावर सुरू होऊ शकतात, कारण डायनामोच्या लोखंडात थोडं चुंबकत्व शिल्लक राहिलेलं असतं. अल्टरनेटरला मात्र सुरुवातीला बॅटरीची थोडी साथ लागते. म्हणून जुन्या मुरलेल्या मालकांना शहरातला प्रत्येक उतार पाठ असतो. ते ज्यांच्याकडे जेवायला जातात त्यांचं घर चढावर असतं. सपाटीवर राहणाऱ्या नातेवाइकांशी त्यांचे संबंध हळूहळू कमी होतात.

या गाड्या टिकल्या त्याचं कारण त्या बदलल्या नाहीत. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ मध्ये आलेली फियाट ११०० डिलाइट पुढे प्रीमियर प्रेसिडेंट झाली, नंतर प्रीमियर पद्मिनी झाली, आणि लोक तिला शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिले. आतलं यंत्र बहुतांशी तेच. त्यामुळे नाना पेठेत किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर कुणाच्याही गाडीचा भाग कुणाच्याही गाडीला बसायचा. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदवली गेली २००३ च्या ऑक्टोबरात. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा, म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरात ती निवृत्त झाली.

आता पंप टाकीच्या आत बुडालेला असतो आणि पेट्रोल दाबाने पुढे ढकलतो, म्हणून वाफेची कटकट जवळपास संपली. कार्बोरेटर नाही, पॉइंट नाहीत, चोक नाही. बॉनेट उघडलं तर वर प्लास्टिकचं एक काळं झाकण दिसतं. घाटात कोणी बॉनेट उघडून उभा राहिला तर लोक थांबतात, झाकण बघतात आणि निमूट निघून जातात. कॉम्प्रेशनवर बोलणाऱ्या गृहस्थांची फार पंचाईत झाली आहे.

बिघाड झाला की डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. वर्कशॉपमधला स्वच्छ कपड्यांतला मुलगा स्टिअरिंगखाली वायर जोडतो, पडद्यावर एक आकडा येतो. आकडा एका सेन्सरचं नाव घेतो. तो सेन्सर बदलला जातो. दिवा दोन दिवसांनी पुन्हा लागतो. मग तोच मुलगा आजूबाजूला बघतो, बॅटरीचं एक टर्मिनल काढतो, चहा पिऊन येतो आणि टर्मिनल परत लावतो. दिवा गेलेला असतो. पूर्वीच्या बिलात शेवटी ‘रॉकेल, चिंध्या व किरकोळ’ अशी ओळ असायची. आता ‘स्कॅनिंग व सिस्टिम रीसेट’ असते आणि तिचे पैसे जास्त असतात.

महिन्याभराने दिवा तिसऱ्यांदा लागतो. तोवर आजी गाडीत बसलेल्या असतात. त्या पर्समधून अष्टविनायकाला मिळालेलं गणपतीचं छोटं स्टिकर काढून बरोब्बर त्या दिव्यावर चिकटवायला लावतात. तेव्हापासून गाडीची काहीही तक्रार नाही.